विहीणबाई, लेकीच्या कानात काय बोललात?

ओजस, ईरा,

तुमची जळकोटची आजी जाऊन अजून महिनाही झालेला नाही. तुमची आई एकटीच येऊन गेली. तुमची शाळा, बाबांची रजा, तिकिटं, यांत तुमचं येणं जमलं नाही. मागच्या फोनवर ओजसनं मला विचारलं, "आजी, तुझं आणि जळकोटच्या आजीचं भांडण होतं का?" मी "नाही" म्हणाले आणि फोन आईकडे द्यायला सांगितला. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. भांडण नव्हतं, संशय होता. माझा तिच्यावर आणि तिचा माझ्यावर. आणि तो सुरू झाला तेव्हा मध्ये तू होतास, ओजस, चार वर्षांचा.

आत्ताच लिहितेय, कारण तिचा आवाज अजून जसाच्या तसा माझ्या कानात आहे. आणखी वर्षभरानं मी तो माझ्या सोयीनं दुरुस्त करून घेईन. जन्मभर मुलांचे इंग्रजी निबंध तपासले, दुरुस्त करायची खोड जात नाही. लिहितेय तुमच्यासाठी, पण बोलायचं आहे ते तिच्याशी. तुम्ही शेजारी बसून ऐका.

विहीणबाई, आधी तव्याबद्दल बोलू. भूमच्या आमच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा पहिल्यांदा एक पत्र्याची पेटी उतरली, मग कडक भाकरीचा डबा, मग शेंगाचटणीची बरणी, आणि शेवटी फडक्यात गुंडाळलेला तुमचा बिडाचा तवा. "चार दिवस राहीन म्हणते," असं तुम्ही उंबऱ्यावरच जाहीर केलंत. चार दिवसांसाठी कुणी स्वतःचा तवा आणतं का? मी विचारलं नाही. पण तुम्ही तो माझ्या ओट्यावर, माझ्या तव्याला लागून ठेवलात, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आपल्याकडे आई लेकीच्या सासरी मुक्काम करत नाही. सकाळी यायचं, चहा घ्यायचा, ओटी भरून घ्यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या कुसुमताईंनी कुंपणावरून खडा टाकला, "विहीणबाई हायेत व्हय अजून?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "लेकीच्या घरी न्हाय आले बाई, नातवाच्या घरी आले. नातवाकडं राहायला कुणाची बंदी हाय?" कुसुमताई आत गेल्या. मीही. घर मी आणि ह्यांनी मिळून बांधलेलं, ह्यांच्या मागे मी एकटीनं सांभाळलेलं, आणि तुमच्या एका वाक्यात ते चार वर्षांच्या पोराचं झालं.

ते पोर तेव्हा कसं होतं ते आता कुणाला सांगून पटणार नाही. माझा निखिल कॅनडात गेलेला, तुमची सारिका आणि ओजसची कागदपत्रं अडकलेली. सारिका रोज एसटीनं जवळच्या वाशी गावी नोकरीला जायची आणि दिवसभर ओजस माझ्याकडे असायचा. बालवाडीत त्यानं दोन मुलांना चावे घेतले होते. घरी मनासारखं झालं नाही की जमिनीवर पडून डोकं आपटायचा, हाताला लागेल ते फेकायचा. मी त्याला शिस्तीत ठेवायची. उठायची वेळ, जेवायची वेळ, खेळणी जागच्या जागी. मी जितकी शिस्त लावायची तितका तो उधळायचा.

धाराशिवच्या मुलांच्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं आणि म्हणाले, "याच्यात काही बिघाड नाही. प्रश्न वागण्याचा आहे. यावर थेरपी असते, पण ती मुलाला देत नाहीत. मोठ्यांना शिकवतात, मुलाशी कसं वागायचं ते."

"म्हणजे दुखणं एकाला आणि औषध दुसऱ्याला?" मी विचारलं.

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. ज्या बाईनं गावातली निम्मी पोरं शिकवली तिला आता पोर सांभाळायला शिकवणार होते.

शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. त्या आमच्या घरी कधी आल्या नाहीत, फोनच्या पडद्यावरच असायच्या. सारिका सतरंजीवर ओजसजवळ बसायची. फोन माझ्या इंग्रजी शब्दकोशाला टेकवून उभा केलेला. सारिकाच्या एका कानात फोनला जोडलेली छोटी बिनतारेची बोंडी. मॅडम तिकडून सगळं बघायच्या आणि फक्त सारिकाच्या कानात बोलायच्या. आम्हाला काही ऐकू यायचं नाही. आम्हाला दिसायची ती आमची सारिका, क्षणभर थांबणारी आणि मग दुसऱ्याच कुणाच्या शब्दांत बोलणारी. "ओजस लाल ठोकळा निळ्यावर ठेवतोय. ओजसनं ठोकळा हळू ठेवला. तू हळू ठेवलास ते मला आवडलं."

"ही काय रेडिओवरची क्रिकेट कॉमेंट्री आहे?" मी तुम्हाला म्हटलं होतं.

"असंल की," तुम्ही म्हणालात. "खेळणाऱ्याला बरं वाटत असंल, कुणीतरी बघतंय म्हणून."

नियम असे होते. खेळताना मुलाला प्रश्न विचारायचे नाहीत, हुकूम सोडायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. तो जे करतो ते बोलून दाखवायचं. चांगलं केलं की नेमकं काय चांगलं केलं ते सांगायचं. लहानसहान थयथयाटाकडे बघायचंही नाही, आणि तो थांबला रे थांबला की लगेच वळून कौतुक करायचं. प्रश्न नाही, हुकूम नाही, चूक काढायची नाही. म्हणजे मी बोलायचं तरी काय, हेच मला कळेना. माझी सगळी भाषा या तीन गोष्टींची होती.

तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून त्यात रमलात, आणि तुमच्या त्या रमण्यावरच माझा पहिला संशय. तुम्ही फोन धरायचात, दार लोटायचात, मॅडमना "नमस्कार हो मॅडम, जेवला का?" म्हणायचात. सारिका घरी नसताना ओजसच्या मागे मागे फिरत, "ओजस पाणी पेला. सांडलं न्हाय. भले!" असं सुरू. नातू तुमच्याकडे ओढला जात होता, हे मला दिसत होतं. नातवाला जिंकायचा हा चांगला रस्ता आहे असं मला वाटायचं. त्याला नाही म्हणायचं काम माझ्याकडे आणि भले म्हणायचं काम तुमच्याकडे.

आणि संध्याकाळी मिरच्या. दिवेलागणीला तुम्ही मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन ओजसवरून उतरवायचात आणि गॅसवर टाकायचात. घरभर ठसका. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, दिवसा शास्त्र आणि संध्याकाळी हे? एक काहीतरी ठरवा."

तुम्ही खोकत खोकत म्हणालात, "मॅडम म्हणतात कौतुक करा. दिवसभर त्वांड भरून कौतुक केलं तर नजर लागंल का न्हाय? मग ती काढायची कुणी? पुण्याच्या मॅडमनं?"

सारिका स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आलं असतं, पण मी तुमच्या हसण्याकडे बघत होते. तुम्ही हसताना लेकीकडे बघितलंत आणि डोळ्यांनी काहीतरी विचारलंत. काय, ते मला कळलं नाही.

मग ते नेटचं झालं. एका सुट्टीच्या दुपारी थेरपी चालू असताना फोनवरचं चित्र थिजलं. मॅडमचा हात अर्ध्यावरच थांबलेला. भूममध्ये नवल नाही. पण सारिका थांबली नाही. ती क्षणभर ऐकत होती, मग बोलत होती, पुन्हा ऐकत होती. फोन मेलेला आणि कानातला आवाज जिवंत? मी उठून स्वयंपाकघरात गेले. तुम्ही पाठमोऱ्या उभ्या होतात, तुमचा फोन तोंडाशी, तोंडावर पदर. मला बघून बोलणं तोडलंत.

"मॅडमची लाईन गेली म्हणून मीच सांगत होते. तेवढं मला आता पाठ झालंय," तुम्ही म्हणालात.

शक्य होतं. नेट गेलं तरी साधा फोन लागतो, तो तुम्ही सारिकाला लावला असणार, हेही मला समजत होतं. पण बाहेर येऊन मी बघितलं तर सारिका ठोकळ्यांकडे बघत अजून हळूच मान हलवत होती. नाही, अशी. ओजसला नव्हे, त्याचं काही चाललं नव्हतं. कानातल्या कुणाला तरी ती नाही म्हणत होती. ठोकळ्यांच्या खेळात नाही म्हणण्यासारखं काय सांगितलंत तुम्ही तिला?

त्यानंतर चार-दोन दिवसांनी मी गच्चीवर कपडे काढायला गेले. तुम्ही पलीकडच्या कठड्याशी व्याह्यांशी फोनवर बोलत होतात. वारा माझ्याकडे होता. "जूनपसून हितंच शाळा. दोगांलाबी आणते म्हनले की. तुमी खोलीचं बघा." तुमच्या तोंडचं जसं ऐकलं तसं लिहिलंय.

म्हणजे माझा संशय खरा होता. पेटी, तवा, चार दिवस, नातवाचं घर, सगळ्याचा अर्थ लागला. तुम्ही थेरपीला आला नव्हतात. तुम्ही लेकीला आणि नातवाला न्यायला आला होतात. थेरपी हे निमित्त. आणि मला एक कळत होतं की सारिका जळकोटला गेली तर ती परत भूमला येणार नाही. निखिल तिथूनच तिला कॅनडाला घेऊन जाईल आणि या घराला ती वर्षा-दोन वर्षांनी पाहुणी म्हणून भेट देईल. मी कपड्यांच्या घड्या नेहमीपेक्षा नीट घातल्या आणि खाली आले.  त्या दिवसापासून मी थेरपी सुरू झाली की पुस्तक घेऊन त्याच खोलीत बसायला लागले. मॅडमना वाटलं, आजींना रस वाटायला लागला. त्यांनी सारिकाकरवी माझंही कौतुक केलं, "आजी शांत बसल्यात, छान." मी पान उलटलं.

आणि मग तो ताटलीचा दिवस. गाड्या बंद होत्या, सारिका वाशीत अडकलेली. मी ओजसला वरणभात दिला. त्याला आई हवी होती. ताटली भिंतीवर गेली. मी म्हटलं, "ओजस, ताटली उचल." त्यानं जमिनीवर अंग टाकलं, डोकं आपटायला लागला आणि असा ओरडला की कुसुमताई कुंपणाशी आल्या. मी वर्गात वापरायची तो आवाज काढायला तोंड उघडलं तेवढ्यात तुम्ही माझा दंड धरून मला दारामागे ओढलंत. तुमच्या हातात सारिकाची ती बोंडी. ती माझ्या फोनला जोडून तुम्ही माझ्या कानात बसवलीत आणि तुमच्या फोनवरून मला फोन लावलात.

"मला नका सांगू, तुम्हीच जा," मी म्हटलं.

"सांगितलंय तुम्ही, निभवायचं बी तुम्हीच. मी मधी पडले तर तो मलाच धरून बसंल. मॅडमनं दहांदा सांगितलंय. जावा."

कुणाच्या हातचं बाहुलं व्हायचं नाही हा माझा स्वभाव. पण आत पोर डोकं आपटत होतं. मी गेले.

"ऐकू येतंय का, विहीणबाई?"

"येतंय."

"बोलू नका ना! त्याला वाटंल त्याच्याशी बोलताय. खाली बसा. त्याचं डोकं उशीवर लागंल अशी उशी सरकवा तेवढी. बघू नका त्याच्याकडं. ती गवार हाय तिथं, ती निवडा."

मी गवार निवडायला घेतली.

"त्वांड असं शाळेतल्यावानी नका करू. तो त्वांड बघतोय."

मी तोंडाचं काय करायचं ते करून बघितलं.

"शेंगा मोडा, बोटं मोडू नका. तो दमंल. दमला की श्वास घ्यायला थांबंल. तेव्हा बोलायचं, आधी न्हाय."

तो थांबला. तुम्ही म्हणालात, "आता!" आणि मला एकही शब्द सुचेना. "म्हणा, ओजस, ओरडणं थांबवलंस." मी म्हणाले. तो माझ्याकडे बघायला लागला. पुन्हा जरा रडला, पुन्हा थांबला. मग तुम्ही म्हणालात, "आता एकदाच सांगा ताटलीचं. मऊ नको, कडक बी नको. सांगून गप बसा." मी सांगितलं आणि गप्प बसले. एवढी गप्प मी आयुष्यात कधी बसले नसेन. तो उठला, ताटली घेतली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ताटली उचललीस," मी म्हटलं.

"एवढंच?" कानात तुमचा आवाज चढला. "मार्क देताय व्हय? मोकळं करा की जरा!"

"ताटली उचलून माझ्याजवळ आणलीस, ओजस. मला फार बरं वाटलं."

तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला. त्याचा घाम माझ्या पातळाला लागला. जरा वेळानं तो म्हणाला, "आजी, तू ओरडली नाहीस. मला आवडलं." पोरानं तुमची थेरपी माझ्यावरच चालवली. आणि त्याच वेळी कानात, हळू आवाजात, तुमचा आवाज, "आन तुम्ही बी लई चांगलं बसलात, विहीणबाई. मला जमलं नसतं." आणि फोन बंद.

त्या वाक्यावर मी तुमच्याशी आतापर्यंत मनातल्या मनात वाद घालत आले. ते खरं होतं की शिकवलेलं? मॅडमनी सांगितलेली रीतच ती. नेमकं सांगायचं, लगेच सांगायचं. कौतुक रीतीनं करायचं ठरलं की कौतुकावरचा विश्वास उडतो, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा आक्षेप. मी तो तुम्हाला त्याच दुपारी बोलून दाखवला. "मला म्हणालात ते मनापासून का मॅडमच्या सांगण्यावरून?"

तुम्ही गवारीची पाटी पुढे ओढलीत. "स्वयंपाक आईनं शिकवला म्हणून भाकरी खोटी असती व्हय?"

"भाकरी वेगळी, बोलणं वेगळं."

"तुमची ती इंग्रजी बी शिकलेलीच की. ती खोटी बोललात का इतकी वर्सं?"

मी म्हटलं, "गवार फार मोठी मोडताय." आणि तो वाद तिथंच राहिला.

संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखी मीठमिरची घेतलीत. ओजसवरून उतरवलीत. मग वळून, मला काही न विचारता, माझ्यावरून उतरवायला लागलात. मी मागे सरले. तुम्ही पुढे आलात. "हलू नका. तुम्हाला बी चांगलं बोललेय ना आज." मिरच्या गॅसवर पडल्या आणि ठसका आला नाही. "बघा," तुम्ही म्हणालात, "केवढी लागली हुती." मी म्हटलं खिडकी उघडी आहे. तुम्ही म्हणालात, असू द्या.

माझी दृष्ट माझ्या आईनंतर कुणी काढली नव्हती. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण गच्चीवरचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. नेणाऱ्या माणसानं घर गोड करून घ्यावं, यात नवल काय? तेव्हा जेवणं झाल्यावर मी सरळ विचारलं, "जूनमध्ये दोघांना नेणार होतात ना?"

तुम्ही दचकला नाहीत. "व्हय," म्हणालात. "न्यायलाच आले हुते. माझी लेक तुमच्या शिस्तीत वाळत चाललीया असं मला वाटत हुतं."

"आणि आता?"

"आता बघू."

पुढच्या आठवड्यात तुम्ही पेटी बांधलीत. एकटीची. तवा फडक्यात गुंडाळलात. तुम्ही रिक्षात बसताना मी दोनदा विचारलं, नेत का नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, "तुळजापूरची गाडी चुकंल." मला वाटलं, हा डाव आहे. पुढच्या सुट्टीत याल. नाही तर लेकीला फोनवरून फितवाल. मी कितीतरी दिवस सारिकाच्या फोनच्या वेळा मनात जुळवत बसायची. तुम्ही आला नाहीत. मग निखिलनं कागद पाठवले आणि दोघंही गेली, भूमहूनही आणि जळकोटहूनही. ईरा तिकडेच झाली. आपल्या दोघींच्या वाट्याला फोन आले.

त्या फोनांवरूनही आपण एकमेकींवर नजर ठेवून होतो. रविवारी तुमचा फोन यायचा. "तुमच्याशी किती येळ बोलली सारिका?" "अर्धा तास." "माझ्याशी वीसच मिंट. नातवंडं दिसली?" "दिसली." "मला ईराचं नुसतं डोकं दिसलं." खरं तर मला अर्धा तास मिळालेला नसायचा. तुम्हालाही वीस मिनिटांपेक्षा जास्त मिळत असणार, असा माझा अजूनही संशय आहे.

शेवटच्या रविवारी आपण भांडलोही नाही. तुम्ही म्हणालात हरभरा बरा आलाय, डहाळा पाठवते. मंगळवारी व्याह्यांचा फोन आला. पहाटे अंगणात गेलात आणि तिथंच बसल्या जागी. डहाळा यायचा राहिला.

दहाव्याला मी जळकोटला आले. धाराशिव, तुळजापूर, मग उमरग्याची गाडी. इतक्या वर्षांत तुमच्या घरी मी लग्नाशिवाय फार तर दोनदा आले असेन, आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या गाडीनं परत फिरले. या वेळी राहिले. सारिका विमानातून उतरून आदल्या दिवशीच आली होती. रडून रडून डोळे सुजलेले. जेवणं आटोपल्यावर तिनं मला मागच्या खोलीत झोपायला नेलं. कपाट, खिडकी, भिंतीला फिका निळा रंग. खिडकीखाली एक लहान बाज, चार-पाच वर्षांच्या पोराला पुरेल एवढी, सुतारानं मापानं केलेली, नव्यासारख्या सुंभानं विणलेली. तिच्यावर कधी कुणी झोपलेलं दिसत नव्हतं.

मी बाजेवरून हात फिरवला आणि म्हटलं, "म्हणजे खरंच नेणार होत्या."

"हो," सारिका म्हणाली. "पप्पांनी खोली रंगवूनसुद्धा घेतली होती."

"मग नेलं का नाही? तुझ्या आईनं मला कधी सांगितलं नाही."

सारिकानं खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "मम्मीनं मला विचारलं होतं. त्या दिवशी नेट गेलं होतं बघा, मी ओजसबरोबर खेळत होते. मॅडमच्या जागी ती बोलत होती. ठोकळ्यांचं सांगता सांगता मध्येच म्हणाली, 'सारे, येतीस का गं घरी? जूनला नेते दोगांला.' ओजस समोर होता, मला बोलता येईना. मी मान हलवली. नाही म्हणून. तिला दारातून दिसलं असणार."

मला ती मान आठवली. मी तिचे किती अर्थ लावले होते.

"नाही का म्हणालीस?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"मला तिथंच राहायचं होतं, आई. तुमच्याजवळ. तुम्ही ओरडायचात, पण रोज संध्याकाळी मी वाशीहून येईपर्यंत तुम्ही दारात उभ्या असायचात. नुसत्या मानेनं मम्मीला पटलं नव्हतं. ती निघायच्या आधी मी हेच तोंडानं सांगितलं, तेव्हा तिनं ऐकलं."

"मग तिनं मला का नाही सांगितलं? मी तिला सरळ विचारलं होतं. पुढे इतकी वर्षं मला वाटत राहिलं की..."

सारिका रडता रडता हसली. "मी म्हटलं होतं, आईंना सांग. त्यांना बरं वाटेल. तर म्हणाली, 'नको गं बाई. हे ऐकलं तर तुझी सासू शेफारंल.'"

विहीणबाई, जगभराला तोंड भरून कौतुक करा म्हणून सांगत फिरलात, ओजस पाणी प्याला तरी भले म्हणालात, आणि माझ्या वाट्याचं जे सगळ्यात मोठं कौतुक होतं ते तुम्ही फडक्यात गुंडाळून जळकोटला घेऊन गेलात. गुन्हेगार म्हणून माझ्या नजरेत राहायला कबूल झालात, पण सांगितलं नाहीत. लेक आपल्याला नाही म्हणाली हे मला कळू द्यायचं नव्हतं म्हणून, की खरंच मी शेफारेन म्हणून? मला अजूनही तुमचा पूर्ण भरवसा वाटत नाही. दोन्ही असेल. तुमचं एका कारणानं कधी भागलं नाही.

एक मात्र मला कबूल आहे. लेकीला न्यायला येऊन, आधी तिला विचारणारी तुम्ही होतात. कानात विचारलंत, पण विचारलंत. मी माझ्या घरात बसून तिच्या मनाचा अंदाज तुमच्या पेटीवरून आणि तव्यावरून करत होते. आणि नाही म्हटल्यावर तुम्ही पेटी बांधलीत. हे मला जमलं असतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

सकाळी निघताना व्याही दारापर्यंत आले. ते बोलत नाहीत फारसे, तुम्ही त्यांना बोलायला जागाच ठेवली नव्हती. म्हणाले, "ती मागची खोली मोडू का? धान्य भरायला लागंल." मी म्हटलं, नको. धान्य माडीवर चढवा. त्यांनी मान डोलावली.

खोली आहे, विहीणबाई. निळा रंग आहे, बाज आहे. ओजस आता बाजेवर मावणार नाही. ईरा मावेल.